दुसरी बिंदगी

बाणूबाईला रान नाही. म्हणून येळवशीला आमची गल्ली तिच्या हवाली असायची.

हे वाक्य मी बरेचदा मनात म्हणून पाहते. ते सरळ आहे. पण त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला अजून ठरवता येत नाही.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमचं औराद, बिदर जिल्ह्यातलं सीमेवरचं गाव, रिकामं होतं. ज्याला रान आहे तो रानात जातो. ज्याला नाही तो, कुणी बोलावलं तर, त्याच्या रानात जेवायला जातो. कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, आत पाच दगड चुना लावून मांडायचे, भज्जी म्हणजे शेंगाभाज्यांचं कालवण, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील यांचा निवद दाखवायचा आणि दिवसभर तिथंच लोळायचं. आंबील मातीच्या बिंदगीतून न्यायची. बिंदगी म्हणजे लहान मडकं, चुन्याचे आणि कावेचे पट्टे ओढलेलं. घरातला पुरुष घोंगडं पांघरून ती डोक्यावर घेतो. एका घराची एकच बिंदगी. ती डोक्यावर असताना त्याला कुणी टोकायचं नाही. कुठं चाललास, एवढंसुद्धा विचारायचं नाही. हात जोडायचे आणि वाट सोडायची.

म्हणजे वर्षातून एक दिवस बहुतेक घरांना कुलपं, गल्ल्या ओस आणि रस्त्यानं जाणाऱ्याला विचारायची बंदी. चोराला आणखी काय पाहिजे?

बाणूबाई आमच्या शेजारची. पन्नाशी ओलांडलेली, धनगराची. तिच्या सासऱ्याची मेंढरं मांजरेच्या काठानं चरत लांब लांब जायची. मग चरायला जागा राहिली नाही. तिच्या नवऱ्यानं, लिंबाजीनं, शेवटची मेंढरं विकली आणि त्यानंतर तो फार दिवस जगला नाही. मुलगा श्रीशैल बिदरला, मैलूर भागातल्या एका गॅरेजात कामाला आहे. तो आईला बोलावतो. ती जात नाही.

"तिथं मला कोण वळखतंय?" ती म्हणते. "कुत्रंबी भुकत न्हाई माज्यावर."

ती दुसऱ्यांच्या रानात रोजानं जाते. जास्त करून उद्धवरावांच्या. उद्धवराव आमच्या गल्लीतले मोठे. शेती, वर आडत दुकान.

माझी आणि तिची मैत्री एका प्रश्नानं झाली. मी उदगीरला एम. ए. करून घरी परत आले होते. नोकरी नव्हती. ओट्यावर बसून राहायची.

"किती शिकलीस गं दीपे?" तिनं विचारलं.

"एम. ए."

"कशात?"

"मराठीत."

तिनं मला खालून वर न्याहाळलं. "मराठी तर तुला येतच हुती की," ती म्हणाली.

त्यानंतर मी रोज तिच्याकडं जाऊ लागले.

मग अमरेश आला. आमच्या भागाचा नवा बीट पोलीस. चामराजनगरकडचा, कर्नाटकाच्या पार दक्षिण टोकाचा. त्याचं कन्नड ऐकून आमचे लोक हसायचे आणि आमचं कन्नड ऐकून तो हसायचा. शेवटी दोघांनी इथल्या हिंदीचा तोडगा काढला. त्यानं मारुतीच्या देवळात गल्लीची बैठक घेतली. ठाण्याचा हुकूम होता, प्रत्येक गल्लीत लोकांची एक समिती पाहिजे. दिवसा गल्लीत कोण असतं, असं त्यानं विचारलं.  दिवसा सगळे कामाला. मग मागून कुणीतरी हसत म्हणालं, "बाणूबाई. तिला काय काम?"

लोक हसले. अमरेशनं ते खरं धरलं. त्यानं तिला एक हिरवं जाकीट आणि शिट्टी दिली.

"पोपटावानी दिसायलेय का गं?" तिनं मला विचारलं.

"थोडी."

"थोडीच? मग बरंय."

गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाचं झाड आहे. तिथं तिनं आपलं स्टूल ठेवलं. कामाला जायचं नसेल त्या दिवशी ती तिथंच. हळूहळू लोक जाता-येता तिला सांगू लागले. मावशी, बिदरला चाललोय, घराकडं बघ. मावशी, गॅसवाला आला तर थांबव. आधी, येळवशीचा दिवस सोडला तर, तिला कुणी काही सांगत नसे. फक्त खुरपायला ये म्हणून निरोप यायचा.

ती माणसांकडं एका खास तऱ्हेनं बघायची. मेंढवाड्याच्या तोंडाशी उभं राहून आत जाणाऱ्या मेंढराच्या पाठीला हात लावतात ना, तसं. कोण गेलं, कोण यायचं राहिलं.

"मेंढरं गेली, तवापासून राखायला काय न्हवतंच बग," ती एकदा म्हणाली. "आता हाय."

एवढंच बोलली. पण त्या स्टुलावर तिचं काय बसलेलं आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

गेल्याच्या गेल्या वर्षी येळवशीला बाजारामागच्या गल्लीत भरदुपारी चोरी झाली. चोर घोंगडं पांघरून, डोक्यावर बिंदगी घेऊन, सगळ्यांसमोरून निघून गेला. पुढच्या येळवशीच्या आधी अमरेशनं पुन्हा बैठक घेतली.

"सब लोगां हाथ जोड़े उसको," तो म्हणाला. "चोर को! हाथ जोड़े!"

लोक हसले. तो हसत नव्हता.

"इस बार पूछना. मटका रहने दो, कुछ भी रहने दो. पूछना."

उद्धवराव उठले. ते शांतपणे बोलतात. "सायेब, तुमचं खरं हाय. पण आंबिलीला टोकायचं न्हाई. आमच्या आज्या-पणज्यानं टोकलं न्हाई."

"पूछना नहीं तो देखना?"

"निरखून बघायचंबी न्हाई."

"मग डोळे घरीच ठिवून येते की अण्णा," बाणूबाई मागून म्हणाली. "डबीत घालून."

देऊळभर हसू पसरलं. उद्धवरावही हसले. ठरलं काहीच नाही. रिक्षावर भोंगा लावून गावभर सांगायचं, एवढं ठरलं. येळवशीला सोनंनाणं घरात ठेवू नका, शेजाऱ्यांना सांगून जा. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. मराठी मी लिहून दिली. माझ्या पदवीचा तेवढा उपयोग झाला.

निघताना अमरेश बाणूबाईला म्हणाला, "अम्मा, तुमको जो ठीक लगे वो करो."

ती माझ्याबरोबर घरी चालत आली. दारात म्हणाली, "ह्याचं ऐकलं तर गल्ली तुटती. गल्लीचं ऐकलं तर ह्यो तुटतो. काय करावं गं दीपे?"



येळवशीच्या सकाळी थंडी होती. बाणूबाई जाकीट घालून लिंबाखाली उभी. एकेक घर निघालं. पुढं बिंदगी, मागं बायका, पोरं, टोपल्या. ती प्रत्येक बिंदगीला हात जोडत होती. उद्धवराव घोंगडं पांघरून आले. डोक्यावर बिंदगी. मागं त्यांची बायको चंद्रभागाबाई, मोठा मुलगा धनराज, आणि हैद्राबादहून सणाला आलेला धाकटा शिवराज.

"बाणू, सांजच्याला ताट पाठवते गं," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"पाठवा अक्का. आवंदा भज्जी वाढवून पाठवा. गेल्या साली बोटाला लागली तेवढीच हुती."

"खादाड मेली!"

दोघी हसल्या. बाणूबाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या दोघी एकमेकींना ओळखतात. धनराज आणि शिवराज दोघांनाही बाणूबाईनं कडेवर घेतलंय. येळवशीच्या संध्याकाळी प्रत्येक घरातून तिच्यासाठी ताट यायचं. राखणीचं ताट. तो रिवाज समितीच्या आधीपासूनचा.

आम्हीही गेलो. दुपारी आईच्या लक्षात आलं, तिळाच्या पोळ्यांचा डबा घरी राहिला. मी परत आले. डबा घेतला आणि जरा वेळ बाणूबाईजवळ टेकले. गल्लीत कोणी नव्हतं. एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं. अमरेशची मोटारसायकल पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

तेवढ्यात उद्धवरावांच्या घराकडून शिवराज आला. तो आत गेलेला बाणूबाईला दिसला नव्हता, म्हणजे परसदारानं शिरला असणार. अंगावर घोंगडं. डोक्यावर बिंदगी.

मी हात जोडले. सवयीनं.

बाणूबाईनं जोडले नाहीत. ती स्टुलावरून उठली.

"शिवराज. थांब बाळ."

तो थांबला नाही. पाय जरा जड झाले, एवढंच.

"थांब म्हनलं. कुणाची बिंदगी ती?"

"मावशी, टोकायलीस व्हय आंबिलीला?" तो हसत म्हणाला. हसू नीट बसलेलं नव्हतं.

"तुमची बिंदगी सकाळीच अण्णाच्या डोक्यावर गेली की. मग ही कुणाची?"

त्यानं घोंगडं पुढं ओढलं. मान खाली घालून चालू लागला. ती त्याच्या वाटेत उभी राहिली. तो बाजूनं निघू लागला. मग तिनं शिट्टी वाजवली.

तिला ती शिट्टी मिळून कितीतरी दिवस झाले होते. मी ती वाजलेली कधी ऐकली नव्हती. एवढा मोठा आवाज असेल असं वाटलं नव्हतं. शिवराज दचकला. त्याचा हात सुटला. बिंदगी रस्त्यावर पडली आणि फुटली.

पांढरी आंबील धुळीत पसरली. त्यात एक फडकं होतं. फडक्यातून पाटल्या बाहेर आल्या. मग बोरमाळ. मग एक जुनी ठुशी. सगळ्याला आंबील लागलेली.

आम्ही तिघं त्याकडं बघत राहिलो. कुत्रं उठलं आणि आंबील चाटू लागलं.

अमरेश पळत आला. त्यानं सोनं बघितलं, शिवराजकडं बघितलं. "ये क्या है?"

"आईनं आणायला सांगितलंय," शिवराज म्हणाला.

अमरेशनं उद्धवरावांना फोन लावला. बातमी रानारानातून पसरली. थोड्या वेळात अर्धी गल्ली परत आली. कुणाच्या हाताला चुना, कुणाच्या हातात अर्धी भाकरी. सगळे फुटलेल्या बिंदगीभोवती गोळा झाले. सोनं अजून तिथंच होतं. अमरेशनं कुणाला हात लावू दिला नव्हता.

चंद्रभागाबाई पुढं आल्या. त्यांनी सोन्याकडं बघितलं. मग मुलाकडं. शिवराज खापऱ्यांकडं बघत होता.

"अम्मा, आपने मंगाया?" अमरेशनं विचारलं.

 मी त्यांच्या अगदी जवळ होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता, पण वाचता आला नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्याच सांगितलं आण म्हून. तुमचाच भोंगा वरडत न्हवता का, सोनं घरात ठिवू नका, ठिवू नका? मला रानात जाऊन याद आली."

 कुणीतरी हसलं. मग पुष्कळ हसले. "पोलिसाचा भोंगा पोलिसालाच भोवला," कोण तरी म्हणालं. अमरेशलाही थोडं हसावं लागलं.

मी वाट बघत होते. कुणीतरी म्हणेल. एका घराची एकच बिंदगी. मग सोनं आणायला दुसरी बिंदगी कशाला? पिशवी नव्हती? खिसा नव्हता? आणि परसदारानं येऊन घोंगडं कशाला पांघरायचं? हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. लहान पोराला कळलं असतं. पण कुणी म्हणालं नाही.

उद्धवराव मात्र बाणूबाईकडं वळले. "आंबिलीला टोकलंस, बाणूबाई."

त्यांनी खापऱ्यांकडं बोट केलं.

"सणाच्या दिवशी बिंदगी फुटली आमच्या घरची. वाटेत. ध्यानात येतंय का तुला?"

मी तोंड उघडलं. बाणूबाईनं माझं मनगट धरलं. जोरात. मेंढराचा पाय धरावा तसं.

"चुकलं माझं, अण्णा," ती म्हणाली. "डोळ्याला कमी दिसायलंय. पोराला वळखलं न्हाई म्या."

अमरेश गोंधळला. तो येत असताना तिनंच त्याला ओरडून सांगितलं होतं, ही दुसरी बिंदगी म्हणून. मी ऐकलं होतं. "अम्मा, तुम बोले ना अभी? दूसरा मटका बोलके?"

"न्हाई, अप्पा. म्या कवा म्हनलं?"

तो तिच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. मी खाली बघितलं. मनगट अजून तिच्या हातात होतं.

चंद्रभागाबाईंनी वाकून सोनं गोळा केलं. पदराला पुसलं. बाणूबाईकडं त्यांनी बघितलं नाही.

त्या संध्याकाळी राखणीची ताटं आली नाहीत. आमच्या घरून मी नेलं. ती ओट्यावर बसली होती. जाकीट घडी करून बाजूला ठेवलेलं.

"का बोलली नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलायचं हुतं?"

"खरं. दुसरी बिंदगी."

"ते सगळ्यांनाच ठावं हाय की. मी कशाला सांगू?"

"मग सगळे खोटं का बोलले?"

"सगळे कुठं बोलले? अक्का बोलली. बाकीचे गप बसले."

तिनं भज्जी चाखली. मीठ बरोबर आहे म्हणाली. मग आपणहून बोलली. "मेंढी व्याती ना, दीपे, तवा पिलू वल्लं असतं. ती त्याचा वास घेती. घेतला की मग ते तिचं. मग कसलंबी असू दे. मधी माणसानं हात घालायचा नसतो."

मी म्हणाले, "पण तुझं स्टूल?"

 तिनं ताट माझ्याकडं सरकवलं. "खा तू बी."

शिवराज दुसऱ्या दिवशी हैद्राबादला गेला. तो सोनं नेत होता, हे मला कळतं. का नेत होता, ते कळत नाही. शाळेत आम्ही एका वर्गात होतो. मी त्याला मेसेज केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

पुढच्या महिन्यात समितीची बैठक झाली. बाणूबाईचं वय झालंय, नजर कमी झालीय, तिनंच सांगितलंय, असं उद्धवराव म्हणाले. तिला आता आराम पाहिजे. ते रागानं बोलत नव्हते. खरंच काळजीनं बोलत असावेत असं वाटलं. लिंबाजवळ खांब रोवून कॅमेरा बसवायचा ठरला. गल्लीनं वर्गणी काढली. चित्र धनराजच्या मोबाइलवर दिसणार होतं. जाकीट आणि शिट्टी धनराज येऊन घेऊन गेला. तो अवघडला होता. "मावशी, चहा करतीस का?" म्हणाला. तिनं केला. तो प्याला आणि गेला.

स्टूल तिनं आपल्या ओट्यावर ओढून ठेवलं. नंतर ते तिथंही दिसेना, कुठं गेलं तेही मी विचारलं नाही.

अमरेश मला एकदा बसस्टँडवर भेटला. "कैमरा अच्छा है," तो म्हणाला. "सब देखता है." मग म्हणाला, "पूछता नहीं."

"तुम्ही ठाण्यात काही लिहिलंत का?" मी विचारलं.

"क्या लिखना? घर का सोना, घर का लड़का, माँ बोली मैं मंगाई. अम्मा बोली मैं कुछ नहीं बोली. मैं ही झूठा हो गया." तो हसला. "तुम्हारे लोगां समझ में नहीं आते मेरे को."

मला पण, असं मी म्हणाले नाही.

वर्ष गेलं. बाणूबाई खुरपायला जात राहिली. उद्धवरावांच्या रानातसुद्धा. चंद्रभागाबाई तिच्याशी कामापुरतं बोलत. त्या पाटल्या मात्र त्यांनी तेव्हापासून हातातून काढल्या नव्हत्या. कणीक तिंबताना, शेण काढताना, हातात त्याच. एवढं जड सोनं रोज कोण घालतं? बायका बोलायच्या. मग बोलायच्या थांबल्या.

येळवशीच्या आधी चंद्रभागाबाई स्वतः बाणूबाईच्या दारात आल्या. हातात कुंकवाचा करंडा. मी तिथंच होते.

"आवंदा आमच्या रानात जेवाया ये, बाणू."

बाणूबाई उठून उभी राहिली. "मी?"

"तूच. दुसरी कोण हाय हितं?" मग मला म्हणाल्या, "तू बी ये गं."

त्या कुंकू लावून गेल्या. गल्लीत बातमी झाली. केवढा मान, लोक म्हणाले. उद्धवरावांच्या घरचं बोलावणं. तिला इतकी वर्षं येळवस माहीत होती ती फक्त ताटातली.

बाणूबाई मात्र ओट्यावर बसून राहिली. "दीपे, तू बी चल. मला एकटीला कळायचं न्हाई. जेवाया बोलावलंय का हितनं हालवाया."

"तुला काय वाटतं?"

"बोलवणं तर गोडच हाय. पर गल्ली राखाया मी नको, असंबी हाय त्यात. न्हाई का?"

मी पुष्कळ विचार केला. दोन्ही बरोबर वाटलं.

आम्ही गेलो. रान मोठं होतं. हरभरा, करडी, मधे कडब्याची कोप. उद्धवरावांनी पूजा केली. ‘ओलगे ओलगे’ हा येळवशीचा घोष करत पिकावर आंबील शिंपडली. शिवराज आला नव्हता. कुणी त्याचं नाव काढलं नाही. बाणूबाई कोपीच्या कडेला बसली, गावाकडं तोंड करून. मधे मधे मान उंच करायची.

"काय बगायलीस?" मी विचारलं.

"काय न्हाई. आता गल्लीत कुत्रं तेवढं असंल."

चंद्रभागाबाईंनी तिला सगळ्यांच्या आधी वाढलं. भज्जी घातली. ती नको म्हणेपर्यंत घातली. नको म्हणाल्यावरही घातली. "गेल्या साली बोटाला लागली तेवढीच म्हनलीस ना?" त्या म्हणाल्या.

"ते गेल्याच्या गेल्या सालचं, अक्का. गेल्या साली तेवढीबी न्हाई."

चंद्रभागाबाईंचा हात पातेल्यावरच राहिला. मी जेवायचं थांबले. धनराज उगाच बैलांकडं गेला. मग त्यांनी आणखी एक पळी वाढली आणि पुढं सरकल्या.

दिवस उतरायला लागला. आम्ही सगळे ट्रॅक्टरनं परतलो. मारुतीच्या देवळापाशी उतरलो, तिथून चालत. उरलेली आंबील घरी आणायची असते, मागं राहिलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांसाठी. धनराज बिंदगी घ्यायला वाकला. चंद्रभागाबाईंनी त्याचा हात बाजूला केला. बिंदगी उचलली आणि बाणूबाईच्या डोक्यावर ठेवली. वरून आपल्या हातानं घोंगडं पांघरलं.

"अगं, धनराज घिईल की," उद्धवराव म्हणाले.

"असू द्या. बाणू आणंल."

बाईच्या डोक्यावर येळवशीची बिंदगी मी कधी बघितली नव्हती. बाणूबाई गोंधळली होती. पण बिंदगी डोक्यावर आली की चालावंच लागतं. ती पुढं, आम्ही मागं. इतर घरंही परतत होती. गल्लीच्या तोंडाशी गर्दी झाली.

लिंबाखाली अमरेश उभा होता. सणाची नाकेबंदी होती. कॅमेऱ्याच्या खांबाला टेकून उभा. घोंगडं आणि बिंदगी दिसताच त्यानं हात जोडले. वर्षभरात तो शिकला होता.

बाणूबाई त्याच्यासमोर थांबली.

"हात कामून जोडायलास, अमरेसप्पा?"

"अम्मा, वो... आंबील..."

"इचार."

त्याला कळेना. त्यानं उद्धवरावांकडं बघितलं. मग माझ्याकडं. या वेळी मी खाली बघितलं नाही. पण मलाही काही कळत नव्हतं.

"इचार की. वर्दी घातलीस का न्हाई?"

"क्या है अम्मा मटके में?" त्यानं हळू आवाजात विचारलं.



"आंबील," बाणूबाई म्हणाली. आणि तशीच उभी राहिली. पुढं जाईना. मागंही बघेना.

चंद्रभागाबाईंनी डोक्यावरची टोपली खाली ठेवली. पुढं आल्या. "उतरव, बाणू," म्हणाल्या. दोघींनी मिळून बिंदगी खाली घेतली. चंद्रभागाबाईंनी वरचं फडकं काढलं. पाटल्या एकमेकींवर वाजल्या.

"बगा सायेब. समद्यांनी बगा." त्यांचा आवाज जरा चिरकला. "हितनं फुडं आमच्या घरची बिंदगी उघडून दावल्याबिगर गल्लीतनं हालणार न्हाई. कुणाच्याबी डोक्यावर असू दे. घरच्या पोराच्या असली तरी."

उद्धवराव बायकोकडं बघत होते. मग ते दुसरीकडं बघू लागले. कुणी हो म्हणालं नाही. नाहीही म्हणालं नाही. मागून गल्लीतली सगळ्यात म्हातारी अक्कम्मा काठी टेकत पुढं आली. बिंदगीत वाकून बघितलं.

"आंबीलच हाय की," ती म्हणाली. "लई पातळ केलीस गं चंद्रभागे."

कुणीतरी हसलं. गर्दी हलली. लोक आपापल्या दारांकडं गेले. त्या संध्याकाळी बाणूबाईच्या ओट्यावर ताटं आली. सगळ्या घरांतून नाही. पण आली.

मी अजून विचार करते. चंद्रभागाबाईंनी हे वर्षभर आधी ठरवलं होतं, की बिंदगी उचलताना सुचलं, की बाणूबाई थांबली म्हणून त्यांना बोलावं लागलं? बाणूबाईला विचारलं. "मला काय ठावं," म्हणाली. "माझ्या डोक्यावर बिंदगी हुती. मान वर करता येत न्हवती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघाले. लिंबाखाली तिचं स्टूल होतं. त्यावर ती बसली होती. अंगात हिरवं जाकीट. गळ्यात शिट्टी.

"हे कुणी आणून ठेवलं?" मी विचारलं.

"मी उठून आले तवा हितंच हुतं."

"पण कुणी?"

तिनं वर खांबाकडं बोट केलं.

"इचार की त्या कॅमेऱ्याला," ती म्हणाली.